आठवीची मुलगी वरच्या संघात

४ नोव्हेंबर

जोलीन,

तुझ्याशी बोलायचं नाही असं मी आज दुपारी ठरवलं, म्हणून हे लिहिते आहे. शाळेतल्या तुझ्या टपालाच्या खणात टाकीन. तळ्याला वळसा घालून तुझ्या दारात यायचे कष्ट मी घेणार नाही.

वरच्या हॉकी संघाची यादी पाहिली. सगळ्या गावानं पाहिली. बर्फाच्या रिंकच्या दारावर तू ती चिकटवलीस आणि मागच्या वाटेनं पळालीस, तेही सगळ्यांनी पाहिलं. मी बस लावून आत आले तर यादीसमोर उभ्या असलेल्या बायका बाजूला सरल्या, मयताच्या घरी जवळच्या माणसाला वाट देतात ना, तशा. मी वाचलं. गोलकीपर : टेसा हाकाला, इयत्ता आठवी. त्याच्या खाली दुसऱ्या नंबरला : किर्स्टन रुडबर्ग, इयत्ता बारावी.

आठवी, जोलीन. त्या मुलीचे पॅड तिच्यापेक्षा मोठे आहेत. मागून पाहिलं तर वाटतं पॅडच चालत निघालेत.

किर्स्टन तुझी सख्खी भाची आहे. तू तिची मावशी आहेस हे मी क्षणभर बाजूला ठेवते, कारण तू नेहमी म्हणतेस की बर्फावर उतरलं की नाती काठावर ठेवायची. बरं, ठेवली. मग नुसती प्रशिक्षक म्हणून सांग. जी मुलगी चार वर्षं दुसऱ्या नंबरला बसली, एका शब्दानं कुरकुरली नाही, हॅन्सनांची मुलगी गोलमध्ये उभी असताना चार हिवाळे बाकापुढच्या कठड्याचं दार उघडत-लावत राहिली, तिचा नंबर कधी येणार होता? हॅन्सनांची मुलगी गेली. हे किर्स्टनचं शेवटचं वर्ष. यानंतर ती कुठे हॉकी खेळणार आहे? कुठेच नाही. यंदा गोलमध्ये उभी राहिली तर राहिली, नाहीतर शाळा संपली.

एवढंच विचारायचं आहे. उभी करणार आहेस की नाही?

घरी आली तेव्हा तिनं पिशवी ठेवली आणि सूप गरम केलं. मी म्हटलं, मावशीनं असं कसं केलं? तर म्हणाली, "टेसा चांगली आहे, आई." मला वाटलं रडेल. रडली असती तर बरं झालं असतं.

लॉर्ना

२२ नोव्हेंबर

जोलीन,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. बस मात्र मीच चालवते, अकरा वर्षं चालवते आहे, त्यामुळे तुला माझ्या मागे बसावं लागणार आणि मला आरशात तुझं तोंड बघावं लागणार. मार्चपर्यंत दोघींनाही भोग आहेत.

शनिवारी तू जे केलंस ते मुद्दाम केलंस की तुला खरंच सुचलं नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तीन तासांचा रस्ता, दोन्ही बाजूंना बर्फाचे ढिगारे, आणि तू त्या पोरीला नेमकं माझ्या पाठीमागच्या सीटवर आणून बसवलंस. म्हणे हिला बस लागते, पुढे बसली की बरं वाटतं. माझ्या पोरीची जागा घेतली ती घेतली, वर तिची ओकारीही मीच सांभाळू.

आणि बोलते किती ती. पहिला अर्धा तास गप्प होती, मला वाटलं सुटले. मग तिच्या कुत्र्याला दिसत नाही इथपासून सुरू झाली ते बीजगणिताच्या बाईंपर्यंत. मग म्हणाली, "मिसेस रुडबर्ग, थांबवू नका, पण माझा दात पडला." आरशात पाहिलं तर हातात दाढ. दुधाची दाढ, जोलीन. तू वरच्या संघाच्या गोलमध्ये अजून दुधाचे दात पडणारं पोर उभं केलंयस. मी पेट्रोल पंपावर थांबले, तिला कागदी रुमाल दिला, खारी बिस्किटं दिली, आणि त्यानंतर पन्नास मैल स्वतःवरच चिडून गाडी चालवली.

सामन्याबद्दल काही बोलायचं नाही. तिनं तीस फटके अडवले. मोजले मी. मला मोजता येतं.

किर्स्टननं नेहमीसारखं बाकाचं दार सांभाळलं. मुलगी बाहेर यायला लागली की उघडायचं, दुसरी उतरली की लावायचं. बारावीच्या मुलीला हे काम. समोरच्या संघाच्या आया माझ्याकडे बघत होत्या. कदाचित बघत नसतीलही. मला तसं वाटलं.

लॉ.

१२ डिसेंबर

जोलीन,

तुझी चिठ्ठी मिळाली. पत्राला चिठ्ठीनं उत्तर देणं हे तुझं लहानपणापासूनचं. चार ओळी : चाचणीचे गुण कपाटात आहेत, हवे तेव्हा बघून जा. दोघींवर शंभर-शंभर फटके मारले, मारणाऱ्या मुली त्याच, मोजणारे तिघे, त्यांत तू नव्हतीस. आणि शेवटी, "हा नियम या शाळेत कोणी आणला ते आठव."

लागलं. लागावं म्हणूनच लिहिलं होतंस ना?

आणला मीच. लपवून काय करू, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवा. किर्स्टन सातवीत होती तेव्हा मी कागद घेऊन दारोदार हिंडले. उणे वीसमध्ये हिंडले. सातवी-आठवीच्या मुलींना वरच्या संघाच्या निवड चाचणीला बसू द्या म्हणून एकशे चाळीस सह्या गोळा केल्या आणि शाळा मंडळाच्या सभेत उभी राहून बोलले. पोरीत गुण असेल तर वय का आडवं यावं? टाळ्या पडल्या होत्या. डेल म्हणाला, पंचवीस वर्षं संसार केला, तू एवढं चांगलं बोलतेस हे माहीत नव्हतं.

त्या सभेत विरोधात बोलणारी एकटी तू होतीस. प्रशिक्षक असून विरोधात. सख्खी बहीण असून. काय म्हणालीस तेही मला पाठ आहे. "मुलगी चांगली आहे, म्हणूनच तिला तिच्या वयाच्या मुलींत राहू दे. तिथं ती रोज खेळेल. वर आणलं तर ती बसून राहील." आणि नंतर बाहेर पायऱ्यांवर मी तुला म्हटलं, की तुला पोर नाही, तुला काय कळणार. मी ते बोलले. मागे घेतलं तरी तुझ्या कानांतून ते निघणार आहे का?

आता तुला पेट्रा नीमीची आठवण करून द्यायची असेल तर तीही मीच करून देते, तुझे कष्ट वाचतील. नियम लागू झाला त्या वर्षी पेट्रा बारावीत होती. संघात गोलकीपर दोनच. हॅन्सनांच्या मुलीची जागा पक्की होती, राहिली एक. चाचणीत आठवीतली किर्स्टन पेट्रापेक्षा सरस ठरली, आणि पेट्रा तीन वर्षं थांबून शेवटच्या वर्षी घरी बसली. मी त्या संध्याकाळी केक केला होता. पेट्राची आई दुकानात पावाच्या काउंटरवर असते. गेली चार वर्षं ती मला पाव कापून देते, पिशवीत घालते, माझ्या खांद्यावरून मागच्या गिऱ्हाइकाला म्हणते, "तुम्हाला काय हवं?" तेव्हा मी म्हणायचे, लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

झालं समाधान? हात दाखवून अवलक्षण करून घेतलं म्हण. पण नियम मी आणला म्हणून भोगायचं किर्स्टननं, हा कुठला न्याय?

गुण बघायला मी गुरुवारी येऊन गेले, तू वर्गावर होतीस. टेसा चौऱ्याऐंशी. किर्स्टन एकसष्ट. मला वाटलं कोणीतरी चुकीचं लिहिलंय, म्हणून जुन्या फायली काढल्या. आठवीत असताना किर्स्टनला अठ्ठ्याहत्तर होते, जोलीन. चार वर्षांत पोर खाली गेली. असं कसं होईल? रोज सरावाला जाते, एकही दिवस चुकवला नाही. मी फाइल मिटली आणि पुन्हा उघडली, आकडे तेच होते.

चार वर्षांत तिनं खरे सामने किती खेळले ते मी मोजलं. तू आधीच मोजले असशील, म्हणून आकडा लिहीत नाही.

लॉर्ना

२० जानेवारी

जोलीन,

भांडण बाजूला ठेवून लिहिते आहे, शेवटपर्यंत वाच.

३१ तारखेला बारावीच्या मुलींचा निरोपाचा सामना. आईवडिलांचे हात धरून मुली बर्फावर येतात, फूल देतात, आणि त्या दिवशी सुरुवातीला मैदानात बारावीच्याच मुली उतरतात. ही रीत काही मी आणलेली नाही, आपल्या वेळेपासून आहे. पायाला प्लास्टर असलेल्या मुलीलाही दहा सेकंद उभं केलेलं मी पाहिलंय. मग गोलकीपरनंच काय पाप केलंय?

तू परवा बसच्या स्टिअरिंगजवळ चिठ्ठी ठेवलीस ती वाचली. हा सामना जिंकला तर बाद फेरी आपल्या रिंकवर, हरलो तर दुसऱ्यांच्या गावी, हे मला कळतं. तरी तू लिहिलंस की किर्स्टनला हवं असेल तर उभी करीन, बाकीचं मी बघून घेते. यासाठी मी तुझे आभार मानते. अकरा आठवड्यांत पहिल्यांदा.

आणि लिहिलंस, की मी विचारलं तर ती माझं मन राखायला काहीही म्हणेल, तू आई आहेस, तूच विचार.

विचारलं. ती हो म्हणाली. तिला उभं राहायचं आहे.

एकच कर, तू पुन्हा तिच्याकडे विषय काढू नकोस. ती मनाला फार लावून घेते, अकरा दिवस झोपायची नाही. त्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीतच सांग. मग विचार करायला वेळ मिळणार नाही आणि ती सरळ जाऊन उभी राहील. डेलनं सुट्टी काढली आहे. माझी जाऊबाई डलूथहून येते आहे.

त्या हाकालाच्या पोरीला वाईट वाटू देऊ नकोस. तिला मी काल विचारलं, तुला चालेल ना गं? तर म्हणाली, "किर्स्टन मला सगळं शिकवते, मिसेस रुडबर्ग. कोण कुठून मारते ते तिला बघूनच कळतं." पोर वाईट नाही. मी आधीही वाईट म्हटलं नव्हतं.

तुझी,
लॉर्ना

३ फेब्रुवारी

जोलीन,

किर्स्टन तुझ्याकडे पोचली हे डेलकडून कळलं. तिनं त्याला फोन केला, मला नाही. तिची निळी औषधाची बाटली राहिली होती, ती या पाकिटाबरोबर आहे. रात्री खोकला येतो तिला.

तुला वाटत असेल मी तुझ्यावर चिडले आहे, म्हणून आधी हे लिहिते. मी खोटं लिहिलं होतं. ती हो म्हणाली नव्हती.

मी विचारलं ते जेवताना. ती म्हणाली, नको. मी थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. म्हणाली, "नको, आई. मला ते आता येत नाही." मग भांडी घासताना तिसऱ्यांदा विचारलं आणि ती काही बोललीच नाही. आपल्याकडे कशी रीत आहे ते तुला माहीत आहे. ताटातला शेवटचा तुकडा कोणी पहिल्यांदा विचारल्यावर घेत नाही. नको, नको म्हणायचं, तिसऱ्यांदा आग्रह झाला की गप्प बसायचं आणि समोरच्यानं वाढायचं. मी आयुष्यभर असंच वाढलंय, असंच खाल्लंय. मी तिच्या गप्प बसण्याला हो धरलं. निदान तुला लिहिताना तरी मी स्वतःला असंच सांगत होते. पण मग तू तिला पुन्हा विचारू नयेस म्हणून एवढी तजवीज का केली?

तू तिला गोलमध्ये जायला सांगितलंस तेव्हा तिनं तुझ्याकडे कसं पाहिलं ते मला माहीत नाही, आणि तू सांगू नकोस.

पहिला गोल झाला तेव्हा मला वाटलं, होतं असं. दुसरा तिच्या पायांमधून गेला. तिसऱ्याला ती जागची हलली नाही. चौथ्यानंतर लोक टाळ्या वाजवायला लागले. आपल्या गावचे लोक चांगले आहेत, कोणी हसलं नाही, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, उभं राहून वाजवल्या. पेट्राच्या आईनंसुद्धा. जाऊबाईनं माझा हात धरला होता, तो मी सोडवून घेतला. सात मिनिटं झाली होती. तू बाकावरून हाक मारायच्या आधी ती स्वतःच निघून आली हे मी पाहिलं. तू मारणार होतीस ना हाक? मला तेवढा वेळ फार मोठा वाटला.

मग टेसा उतरली, आणि त्यानंतर एकही गोल झाला नाही. चार-तीननं हरलो. टेसा नसती उतरली तर काय झालं असतं आणि पहिल्यापासून उतरली असती तर काय झालं असतं, हे गावात पुढची वीस वर्षं बोलतील.

गाड्या लावतात तिथं मी तिच्या मागे गेले. म्हटलं, त्यात काय एवढं, एखादा दिवस वाईट असतो. तेव्हा ती बोलली. तू ऐकलेलं बरं, कारण ती तुझ्याकडे राहते आहे आणि ती तुला हे सांगणार नाही.

म्हणाली, "मी पाच वर्षं बाकावर होते आणि मला एक दिवसही लाज वाटली नाही. दार सांभाळायचं, मुलींना पाणी द्यायचं, टेसाला सांगायचं. ते मला चांगलं येत होतं. जे येत नाही ते तू मला सगळ्या गावासमोर करायला लावलंस."

आवाज चढवला नाही तिनं. हॉकीची पिशवी गाडीत ठेवत होती.

मी म्हटलं, मग तुला हवं तरी काय होतं? रागानंच म्हटलं. खरं तर मी ते कधी विचारलंच नव्हतं, त्यामुळे रागानं तरी विचारलं गेलं.

ती म्हणाली, "आठवीत मला ब्रिट आणि बाकीच्या मुलींबरोबर खेळायचं होतं. आमच्या वयाच्या संघात. मी तुला सातवीतच सांगितलं होतं. तू टेबलावर सह्यांचे कागद लावत होतीस. वर न बघता म्हणालीस, नंतर बोलू."

मग गाडी सुरू करून गेली. तुझ्याकडे गेली हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मी तिला परत बोलवत नाही. तिला तुझ्याकडे बरं वाटत असेल तर शाळा संपेपर्यंत राहू दे. मंगळवारी बाद फेरीला बस दोन वाजता निघेल, रस्त्यावर काळा बर्फ आहे म्हणतात, तेव्हा मुलींना वेळेवर आण. किर्स्टन पुढे बसली नाही तरी चालेल, मी आरशात बघणार नाही.

पण जोलीन, मी दोन दिवस तेच आठवते आहे. ते टेबल आठवतं, ते कागद आठवतात, कोणत्या रस्त्यावर किती सह्या राहिल्या होत्या तेही आठवतं. ती काही बोलली हे आठवत नाही. खोटं बोलणारी पोर नाही ती, म्हणजे बोलली असेल. त्या दिवसांत अजून आपलं बोलणं होतं आणि तू रोज संध्याकाळी आमच्याकडे जेवायला असायचीस. तू ऐकलं होतंस का? ऐकलं असशील तर ती नक्की काय म्हणाली, कशी म्हणाली, ते मला लिहून कळव. चिठ्ठी नको. सगळं लिही.

लॉर्ना